जागचा दगड

आमच्या घरात दगड हा विषय माझा होता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून लोक म्हणतील, ही बाई उगीचच जळते. उगीच नाही जळत. माझं होतं ते दुसरीकडं गेलं म्हणून जळते.

मी सांगलीत एका शाळेत भूगोल शिकवते. माहेर मिरजेचं, घर विश्रामबागेत आणि सासर माण तालुक्यात, दहिवडीच्याही आत. लग्न होऊन पहिल्यांदा गावी गेले तेव्हा माझ्याशी बोलायचं काय, हे तिथं कुणाला कळेना. शिकलेली, शहरातली, भाकरी जाड थापणारी सून. सासूबाई स्वभावानं चांगल्या, पण त्यांचं नि माझं बोलणं "मीठ कुठंय" आणि "मीठ तिथंय" याच्या पलीकडं जायचं नाही. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एक दिवस अंगणात खाट टाकली, मला समोर बसायला सांगितलं आणि विचारलं, की भूगोल शिकवतीस तर एवढं सांग, डोंगरावर शंख कुठनं येतात?

मामंजी फौजेत ड्रायव्हर होते. तरुणपणी हिमालयात, स्पीतीच्या बाजूला, गाडी बंद पडली म्हणून रस्त्याकडेला बसले असताना त्यांना शंखासारखा वळलेला एक दगड सापडला होता. समुद्र कुठं नि ते बर्फ कुठं! साहेबाला विचारलं तर साहेब म्हणाला, गाडी बघ आधी. तेव्हापासून तो प्रश्न त्यांच्या डोक्यात तसाच पडून होता. मी सांगितलं, की आपला देश मुळात आशियाला चिकटलेला नव्हता. तो खूप खाली, आफ्रिका-मादागास्करच्या शेजारी होता. तिथून सुटला, समुद्रातून सरकत सरकत वर आला आणि आशियाला धडकला. मधल्या समुद्राचा तळ दोघांच्या कचाट्यात सापडून वर उचलला गेला, शंख-शिंपल्यांसकट. खाटेवरची गोधडी दोन्ही हातांनी ढकलून मी त्यांना वळ्या पाडून दाखवल्या. मामंजी त्या वळ्यांकडं बघत राहिले. मग घरामागच्या डोंगराकडं मान वळवून म्हणाले, "आन् आपला ह्यो?"

तिथून आमचं जमलं. त्या डोंगराच्या पायऱ्या मी त्यांना वाचून दाखवल्या. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एक थर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो रस वर आला. पसरला, निवला, पुन्हा आला. मधूनमधून जो तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, तो दोन उद्रेकांमधल्या विसाव्याचा. तेवढ्या वेळात वरच्या दगडाची माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याखाली ती भाजून निघाली. आणि हे सगळं झालं तेव्हा आपण इथं नव्हतोच. विषुववृत्ताच्या खाली, भर समुद्रात होतो. सेशेल्स नावाची बेटं आज आफ्रिकेच्या बाजूला आहेत, तीही तेव्हा आपल्याला लागून होती. ती त्याच सुमाराला तुटून मागं राहिली, म्हणून तिथंही त्याच लाव्ह्याच्या खुणा सापडतात. ज्या भट्टीनं हा रस ओतला ती हिंदी महासागरात एका बेटाखाली अजून धुमसते आहे. आपण तिच्यावरून पुढं निघून आलो.

मामंजींनी ते सगळं ड्रायव्हरच्या हिशेबानं लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून चावडीसमोर बसून सांगायला लागले, "आमची सून सांगती, आपण जमिनीवर बसलोय असं वाटतंय व्हय? गाडीत बसलोय गाडीत. अजून चालूच हाय."

आमची सून सांगती. हे तीन शब्द मला मंगळसूत्रापेक्षा जास्त शोभायचे, असं म्हटलं तर आमचे हे हसतील, पण खरं आहे. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. मामंजींचा रोज संध्याकाळी फोन यायचा, आज पोरांना काय शिकवलंस म्हणून, आणि तो आला की मी कुणाची तरी लेक आहे असं वाटायचं. सासूबाई गेल्यावर तर त्या फोनशिवाय माझा दिवस मावळायचा नाही. भाजी करपली तरी चालेल, पण फोन घ्यायचा.

मग धाकट्या दिरांचं लग्न झालं. दीर बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात, म्हणून लग्नाला उशीर झालेला. जाऊ आली यवतमाळकडची. उंच, उन्हानं रापलेली, मोठ्यानं हसणारी. मी मोठ्या जावेच्या तोऱ्यात चहा गाळता गाळता विचारलं, तुझा विषय काय गं? ती म्हणाली, "दगड." माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली.

नुसते दगड नव्हेत. दगडांतलं जुनं चुंबकत्व. हे तिनं मामंजींना माझ्यादेखत समजावलं आणि मला बसून ऐकावं लागलं. लाव्हा निवताना त्यातले लोखंडी कण होकायंत्राच्या सुईसारखे त्या वेळच्या उत्तर-दक्षिणेचा रोख धरतात आणि दगड गोठला की तस्सेच राहतात, कोटी कोटी वर्षं. नुसता रोखच नाही, त्यांचा कलही मोजता येतो. विषुववृत्तापाशी गोठलेल्या दगडात ते आडवे असतात, ध्रुवांकडं जावं तसे उभे होत जातात. म्हणजे दगड गोठला तेव्हा ती जमीन पृथ्वीवर कुठं होती, हे दगडच सांगतो. आपण एकेकाळी खाली होतो हे मी पुस्तकात वाचून सांगत आले होते. ही बया ते दगडाच्या तोंडून वदवून घेत होती. फरक मोठा आहे. मला तो तिथल्या तिथं कळला, आणि मामंजींच्या चेहऱ्यावरून त्यांनाही कळल्याचं दिसलं.

"मामाजी, तुमच्या डोंगरातून दोन-चार तुकडे घेऊ काय मी?" तिनं विचारलं. मामाजी! आमच्याकडं मामंजी म्हणतात, हे तिला कुणी सांगितलं नाही आणि मामंजींनीही सुधारलं नाही. उलट ते 'जी' त्यांना फार गोड लागलेलं दिसलं.

तिच्या कामाचे डोंगर सगळे साताऱ्याच्या अवतीभवती, म्हणून तिनं साताऱ्यात घर घेतलं आणि एक जुनी जीप घेतली. महिन्यातून दोनदा तरी ती माणात जायला लागली. मामंजींचा फोन मला येतच होता, नाही असं नाही. पण त्यात आता ती असायची. धाकटी आली व्हती. धाकटीनं मशीन आणल्यालं. धाकटी म्हणाली, सेशेल्स बेटाचा दगड तिनं हातात धरलाय. मी म्हणायचे, हो का, वा. आणि फोन ठेवल्यावर कणीक अशी तिंबायचे, की आमचे हे स्वयंपाकघरात डोकावून परत जायचे. पुढं पुढं तर आज काय शिकवलंस हे विचारायचंच ते विसरायला लागले. मीही आठवण करून दिली नाही. मला काय गरज पडली होती!

गेल्या वर्षी मामंजींच्या छातीत दुखलं. गावातल्या लोकांनी गाडी करून त्यांना मिरजेला आणलं आणि मी रजा टाकून दवाखान्यात बसले. पेज मी करून नेली, डॉक्टरांशी मी बोलले, कुठली गोळी कधी हे मला तोंडपाठ झालं. जाऊ तेव्हा मुंबईला होती, तिचे तुकडे मोजायचं यंत्र तिथं असतं. ती एका दुपारी आली, तासभर बसली, यंत्राच्या खोलीत मोबाईलसुद्धा नेता येत नाही असलं काहीतरी सांगून मामंजींना इतकं हसवलं की नर्स धावत आली. आणि नर्स काय म्हणाली, तर, "आजोबा, मुलगी आली वाटतं." मी तिथंच उभी होते, हातात पेजेचा डबा घेऊन. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मामंजींनी नर्सला सांगितलं, दोघी बी सुनाच हायत्या. दोघी बी!

डॉक्टरांनी बजावलं, की आता एकट्यानं गावात राहायचं नाही. दोघा भावांनी फोनवर बोलून ठरवलं, की कुणी ओढाताण करायची नाही, कुठं राहायचं ते वडिलांनी सांगावं. सांगलीला आमच्याकडं, नाहीतर साताऱ्याला धाकटीकडं. आमच्या ह्यांनी हे मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, त्यात विचारायचं काय? साताऱ्याच्या घरात नवरा बोटीवर, बाई डोंगरावर, मामंजींनी तिथं कुणाकडं बघायचं? पण मामंजी म्हणाले, जरा गावाकडं जाऊन येतो, दिवाळी हू द्या, मग बघू. शेजारची चुलत नणंद रात्री सोबतीला झोपायला येते म्हणाली, तेव्हा कुठं डॉक्टरांनी सोडलं.

मी वाट बघणाऱ्यातली नाही. पुढची खोली रिकामी केली. पलंग खिडकीशी घेतला. न्हाणीत भिंतीला धरायला दांडे बसवले, फरशी खरबरीत करून घेतली, उशाशी हाक मारायची घंटी लावली. मिरजेतून चार पायांची स्टीलची काठी आणली आणि ती तर लगेच गावी पोचवली. टीव्ही, मऊ गादी, पायाखाली घ्यायची उशी. बसल्या जागी सगळं मिळेल असं केलं. आल्यागेल्याला मी ती खोली दाखवायचे आणि लोक म्हणायचे, सासऱ्यांनी नशीब काढलं. मला वाटायचं, आता बघू या, कुठली बाई हे करते ते.

आणि त्याच दिवसांत जाऊ त्यांना डोंगरावर नेत होती. हे मला चुलत नणंदेकडून कळलं. जावेला म्हणे एक माणूस लागतो. दगडाला भोक पाडून बोटाएवढी जाड कांडी काढायची, पण ती मोडून हातात घ्यायच्या आधी तिच्यावर दिशा आखावी लागते. ती आखायची राहिली की कांडी फुकट. आता आपला काळा दगड स्वतःच थोडा चुंबक, त्याच्याजवळ होकायंत्र बहकतं. म्हणून सावलीवरून दिशा धरायची एक तबकडी असते, तिच्यावर मधोमध काडी. काडीची सावली कुठल्या रेघेवर पडली ते वाचायचं. हे काम तिनं मामंजींना दिलं होतं. ते उन्हात उकिडवे बसून सावली वाचून ओरडून सांगत. हृदयाचा पेशंट! आणि मी पाठवलेली काठी? तबकडीबरोबर होकायंत्रही ताडून बघतात, त्याला ती स्टीलची चालत नाही, तर जीपमध्ये ठेवायची आणि मामंजींनी कुठल्यातरी बाभळीच्या दांडक्यावर चालायचं. मी तिला फोन करून फैलावर घेतलं. ती शांतपणे म्हणाली, की डॉक्टरला विचारूनच नेते ताई, सपाटीवरच फिरवते, आणि ते स्वतःच म्हणतात चल म्हणून. मी फोन ठेवला आणि शेजारणीपाशी तोंडसुख घेतलं.

दिवाळी झाली. रविवारी आम्ही दोघं गाडी घेऊन गावी गेलो, मामंजींचं काय ते ऐकायला आणि, माझ्या मनात तरी, त्यांना घेऊनच यायला. दारात जीप उभी होतीच. अंगणात जाऊ लॅपटॉप घेऊन बसलेली आणि मामंजी तिच्या शेजारी मान लांबवून पडद्यात बघत होते. मला बघून म्हणाले, "ये, ये. आपल्या गावात कायतरी निघतंय बग."

निघत होतं ते असं. डोंगराच्या पायऱ्यांमधून काढलेल्या सगळ्या कांड्यांची दिशा एकमेकींशी जुळत होती. पडद्यावर ठिपक्यांचा एके ठिकाणी पुंजका झाला होता. पण गावाबाहेर आमच्या देवाचं ठाणं आहे, तिथं देवाच्या पाठीशी एक भलामोठा काळा दगड अर्धा जमिनीत आहे, त्याला आम्ही देवाची बैठक म्हणतो. देवाला शेंदूर, बैठकीला नुसता दिवा. मामंजींनी नारळ फोडून कौल घेतला आणि तिला बैठकीच्या मागच्या अंगाला भोकं पाडू दिली. त्या कांड्या मात्र भलतंच बोलत होत्या. त्यांचे ठिपके पुंजक्यापासून पार लांब, वेगळ्याच कोपऱ्यात. तिनं मुंबईला जाऊन त्या पुन्हा मोजल्या, तरी तेच. कदाचित इथं निराळ्या काळातला थर असेल, कदाचित जमिनीचा एक तुकडाच फिरला असेल, असं ती म्हणत होती. तिचे डोळे चमकत होते. मामंजींचे तिच्याहून जास्त.

माझ्या पोटात असं दुखलं म्हणून सांगू! वीस-पंचवीस वर्षं मी त्या डोंगराविषयी बोलत आले आणि आता त्याच गावातला दगड तिला नाव मिळवून देणार. छापून येणार, परदेशात वाचलं जाणार, आणि मामंजी चावडीसमोर बसून सांगणार. कुठली सून सांगती, ते तर उघडच होतं.

पण त्या दगडाविषयी सासूबाईंनी मला एकदा काहीतरी सांगितलं होतं. मीठ सोडून त्या माझ्याशी जे थोडं बोलल्या त्यातलं ते. पहिल्या पूजेला गेलो होतो तेव्हा म्हणाल्या होत्या, की हे जुनं गाव नव्हे. जुनं गाव ओढ्याच्या पल्याड होतं, रोगराईत ते उठलं, आणि निघताना लोकांनी देव आणला, देवाची बैठकसुद्धा बैलांनी ओढत आणली. मी जावेला विचारलं, हा दगड हलवलेला नाही ना, याची खात्री केलीस का?

"केली ना ताई," ती म्हणाली. "मामाजींना विचारलं होतं मी, हा दगड जागचाच आहे ना म्हणून. ते म्हणाले, व्हय, लय."

लय? मी तो शब्द तोंडात घोळवला. दगड जागचा असतो नाहीतर नसतो. लय जागचा कसा असेल? लय असतो तो जागता. देव जागता असतो, नवसाला पावतो, अंगावर काटा आणतो, तो लय जागता. मामंजींना डाव्या कानानं कमी ऐकू येतं आणि तिचं बोलणं यवतमाळचं, भरभर. तिनं विचारलं जागचा, त्यांनी ऐकलं जागता. आणि देवाच्या बैठकीबद्दल असं कुणी विचारल्यावर आमच्या गावातला माणूस दुसरं काय सांगणार?

मला हसू फुटलं. खरं सांगते, आनंदानं फुटलं. अंगणात शेजारपाजारचे चार लोक जमलेले होते, त्या सगळ्यांसमोर मी हसत हसत सांगितलं, की अगं, तो दगड जागचा नाही, जागता आहे. बैलांनी ओढून आणलेला आहे तो. आणताना कुठं तोंड, कुठं पाठ, काय ठरवून बसवला असेल? फिरला तर फिरला. तुझी जमीनबिमीन काही फिरलेली नाही. लोकही हसले.

मामंजी हसले नाहीत. "आणल्यालाच हाय की त्यो," ते म्हणाले. "आमच्या पणज्यानं आणला. म्या न्हाई कवा म्हणालो?" आणि मग त्यांना हळूहळू उमगलं. ते लॅपटॉपकडं बघायला लागले, मग तिच्याकडं. "मंग पोरीचं काम गेलं व्हय माझ्यामुळं?" असं त्यांनी विचारलं ते मला. माझ्याकडं बघून. मी खरं तेच बोलले होते, खोटं एक अक्षर नव्हतं, तरी माझ्या तोंडावरचं हसू कुठं ठेवावं ते मला कळेना.

जाऊ ठिपक्यांकडं बघत होती. मला वाटलं आता रडेल, आणि तेही मला चाललं असतं. पण ती एकदम उठली आणि मामंजींच्या समोर जमिनीवरच बसली. म्हणाली, की मामाजी, काम गेलं नाही, काम झालं. आम्हाला नेहमी एक शंका असते, की दगडांतले कण खरोखर पहिल्यापासूनच असे आहेत, की मागाहून कधी आजच्या उत्तरेकडं वळले. आता बघा, हा दगड मागाहून बदलणारा असता, तर पणजोबांनी कसाही बसवला तरी इथं बसल्यावर त्यानं आजची उत्तर धरली असती. त्यानं नाही धरली. उचलला, ओढला, फिरवून बसवला, तरी आतले कण जुन्या जागेवर जसे होते तसेच आहेत, दगडाबरोबर फिरलेत फक्त. म्हणजे डोंगरातले जागचे दगड सांगतात त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पुरावा लहानसा आहे, पण कामाचा आहे, आणि तो मुद्दाम शोधून मला सापडला नसता.

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "ताई, तुम्ही नसत्या तर मी चुकीचं छापून बसले असते."

कप्पाळ माझं! तिला तोंडावर पाडायला गेले आणि तिचं घोडं मीच पुढं दामटलं. आणि मामंजी बघायला हवे होते. चेहरा असा उजळला, की दवाखान्यातून आल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. पणज्यानं दगड आणला, पणतूनं चुकीचं ऐकलं, सुनेचं काम झालं. आपल्या बहिरेपणाचाही कुणाला तरी उपयोग झाला, याचं त्यांना केवढं कौतुक! शेजाऱ्यांना परत पहिल्यापासून सांगायला लागले. मी आत जाऊन चहा टाकला.

चहा झाला, लोक गेले. आमचे हे आणि जाऊ जीपचं काहीतरी बघायला बाहेर गेले. मी मामंजींच्या खाटेपाशी बसले आणि सरळ विचारलं, की कपडे भरायचे का तुमचे? गाडी आणली आहे.

मामंजींनी बाहेर जीपकडं पाहिलं. मग म्हणाले, "म्या साताऱ्याला जातो."

मला ते कळायला वेळ लागला असं नाही. मला ते महिनाभर आधीच कळलेलं होतं. तरी मी खोलीचं सांगायला लागले. खिडकी, घंटी, दांडे. ते म्हणाले, ठावं हाय, तुझ्या नवऱ्यानं फोटू दाखिवल्यात. मग मी विचारलं, जे मला विचारायचं नव्हतं. मी काय कमी केलं?

"कायबी कमी न्हाई केलंस," मामंजी म्हणाले. "तूच तर बोट धरून जग दावलंस मला. पर आता तुज्याकडं आलो की तू मला बसवून ठेवशील. जपशील, लय जपशील. तिला सावली वाचायला म्या लागतो. मला अजून बसायचं न्हाई गं."

"आणि तिथं पडलात तर?" माझा आवाज चढला होता.

"पडंन. हिंडता हिंडता पडंन."

एवढं मात्र सांगते, की मला त्यांचं पटलं वगैरे नाही. मला पटवून घ्यायचंही नव्हतं. मला ते माझ्याकडं हवे होते, बसलेले हवे होते, सुखरूप हवे होते, आणि रोज संध्याकाळी माझ्या घरात हवे होते. यात वाईट काय होतं ते अजून मला कुणी सांगावं. मी उठले आणि त्यांची पिशवी भरली. धोतरं, बंडी, स्वेटर. गोळ्या वरच्या कप्प्यात ठेवल्या आणि जावेला बाहेरून बोलावून एकेक गोळी दाखवली, सकाळची कुठली, जेवणाआधीची कुठली, जिभेखाली ठेवायची कुठली. ती लक्ष देऊन ऐकत होती, मधेच परत विचारत होती. मला तिनं चुकावं असं वाटत होतं. तिनं सगळं बरोबर म्हणून दाखवलं.

पिशवी मीच उचलली आणि जीपमध्ये नेऊन ठेवली. मामंजी पुढच्या सीटवर चढून बसले, ड्रायव्हरच्या शेजारी, आणि काच खाली करून जाऊ गाडी कशी काढते ते बघायला लागले. तिला सांगत होते, की मागं दगूड हाय, चाक उजवीकडं घे. माझ्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. रागानं नव्हे, गाडी निघायची म्हटल्यावर त्यांचं लक्ष कायम गाडीतच असतं.

जाऊच थांबली. खिडकीतून वाकून म्हणाली, की ताई, तुम्ही पण चला ना चार दिवस, शाळेला सुट्टीच आहे अजून, मागची सीट रिकामी आहे. मनापासून म्हणत होती, ते दिसत होतं. मी म्हटलं, नको, घरी कामं आहेत.

घरी काही काम नव्हतं. मला ते बोलावणं तिच्याकडून नको होतं. मी मामंजींकडं पाहिलं. ते आरशात मागचा रस्ता बघत होते.